मुलांना किती जपायचे?



नव्या सत्राचे प्रवेश सुरू असताना शाळेच्या कार्यालयात तीन अर्ज आले. पहिला टीसीचा होता. मुलाला दुसऱ्या शाळेत घालायचे नव्हते, यापुढे त्याला घरीच शिकवायचे होते. दुसरा अर्ज सेक्शन बदलून मिळण्याचा होता. वर्गातल्या काही मुलांची संगत बरी नाही आणि त्यांच्यामुळे घरची मराठीही बिघडते, असे कारण त्यात दिले होते. तिसऱ्या अर्जात सहावीतल्या मुलीला महेश्वरच्या दोन दिवसांच्या शिबिरातून सूट मागितली होती, कारण ती आजवर आईवडिलांशिवाय कुठे राहिलेली नाही.

तिन्ही घरे सुशिक्षित. तिन्ही ठिकाणचे पालक मनापासून काळजी करणारे. त्यांची नावे सांगण्याचे कारण नाही आणि त्यांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. पण अर्ज तीन असले तरी प्रश्न एकच आहे, असे आम्हांस वाटते. मुलांना बाहेरच्या जगापासून किती आणि किती दिवस दूर ठेवायचे? विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत एक सूचना विचारासाठी येणार आहे. ज्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या मराठी बोलली जाते त्या मुलांचा वेगळा सेक्शन असावा, अशी ती सूचना आहे. तेव्हा या विषयावर शाळेत जे आम्ही रोज पाहतो आणि त्यावरून आमचे जे मत झाले आहे, ते आधीच सर्वांसमोर मांडणे योग्य होईल.

प्रथम घरी शिकवण्याविषयी. ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवायला घेतले तेव्हा समाज इतका खवळला की ते सह्याद्रीच्या रानात जाऊन राहिले. तेथे १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला आणि पुढे आईनेच त्यांना संस्कृत शिकवले. त्या काळी मुलींना संस्कृत शिकवील अशी शाळा नव्हती, म्हणून घर हीच शाळा झाली. मात्र हे घर चार भिंतींचे नव्हते. सारे कुटुंब वर्षानुवर्षे पायी तीर्थयात्रा करीत हिंडले, उपासमार सोसली, गावोगावी पुराणे सांगितली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' म्हटले, तेव्हा त्यांच्यापाशी पाठांतर होते आणि अर्धा हिंदुस्थान पायी पाहिल्याचा अनुभवही होता.

आजच्या काळात ही चळवळ अमेरिकेत जोराने वाढली. जॉन होल्ट नावाच्या शिक्षकाने १९७७ मध्ये शाळेविना मुले वाढवणाऱ्या पालकांसाठी एक नियतकालिकच सुरू केले आणि १९९३ पर्यंत तिथल्या सर्व राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर झाले. जर्मनीचा रस्ता अगदी उलटा आहे. तिथे शाळेत जाणे सक्तीचे आहे. एका कुटुंबाने धार्मिक कारणावरून सूट मागितली, ती तिथल्या न्यायालयांनी नाकारली आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही २००६ मध्ये त्या कुटुंबाची बाजू मान्य केली नाही. शाळेत मूल नुसते धडे शिकत नाही, वेगळ्या मतांच्या आणि वेगळ्या घरांतल्या माणसांबरोबर राहायला शिकते, असे तिथल्या न्यायालयांचे म्हणणे.

आपला देश या दोन्हींच्या मध्ये कुठे तरी आहे. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणे हे त्याच्या दहाव्या कलमाप्रमाणे पालकांचे कर्तव्य आहे. पण ते न करणाऱ्या पालकाला शिक्षा करण्याची तरतूद त्या कायद्यात नाही. १९८९ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला शाळेत न जाता दहावीची परीक्षा देऊ देते. ज्यांना घरी शिकवायचे आहे त्यांच्यासाठी रस्ता आहे, आणि काही मुलांना त्या रस्त्याची गरजही असते.

हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. एखादे मूल दीर्घ आजारी असते. एखाद्याला अक्षरे उलटी दिसतात आणि पन्नास मुलांच्या वर्गात त्याच्याकडे पाहायला कोणाला सवड नसते. एखाद्याला मधल्या सुट्टीत इतका त्रास दिला जातो की सकाळी दप्तर पाहिले की त्याच्या पोटात दुखू लागते. अशा मुलाला आईवडिलांनी काही काळ घरी घेतले तर तो पळपुटेपणा होत नाही. ताप आलेल्या मुलाला कोणी मैदानावर पाठवत नाही. कोणत्याही शाळेने अशा पालकांवर रागावण्यापूर्वी मुलाला घरी न्यायची वेळ का आली, ते पाहावे.

आम्हांला काळजी वाटते ती दुसऱ्या प्रकारच्या निर्णयाची. मूल चांगले आहे, निरोगी आहे, हसतेखेळते आहे. पण 'बाहेरचे वातावरण खराब' म्हणून त्याच्याभोवती कुंपण घातले जाते. घरी शिकवणारे पालक यात थोडेच आहेत. मुलाला रोज शाळेत पाठवून शाळेच्या आत कुंपण मागणारे पालक कितीतरी जास्त आहेत. अमक्याच्या बाकावर बसवू नका. तमक्याच्या डब्यातले खाऊ देऊ नका. खो-खोत नको, लागेल. नाटकात नको, उशीर होतो. शिबिराला नको, सवय नाही. असे मूल रोज सकाळी गणवेश घालून येते, हजेरी लावते, पण खऱ्या अर्थाने शाळेत नसतेच.

रवींद्रनाथ ठाकुरांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत श्याम नावाच्या नोकराची गोष्ट सांगितली आहे. मुलांना सांभाळायचे काम त्याच्याकडे होते. तो लहानग्या रवीला एका जागी बसवून त्याच्याभोवती खडूने वर्तुळ आखायचा आणि ते ओलांडलेस तर संकट येईल म्हणून बजावायचा. रवीला सीतेची कथा ठाऊक होती, त्यामुळे रेषा ओलांडायची त्याची छाती होत नसे. तो खिडकीतून खालचे तळे आणि काठावरचे वडाचे झाड पाहत तासन्‌तास बसून राही. नोकराची कटकट वाचली आणि मूल सुरक्षित राहिले. रवींद्रनाथांचे पुढे शाळांशीही जमले नाही. त्यांचे बरेचसे शिक्षण घरीच झाले. घरी शिकून मोठ्या झालेल्यांची यादी कोणी केली की त्यांचे नाव त्यात हमखास असते. पण त्यांनी १९०१ मध्ये काय केले तेही पाहावे. आपल्या मुलासह मोजकी मुले घेऊन त्यांनी शांतिनिकेतनात शाळा काढली. घर आणि शाळा दोन्हींचा कंटाळा आलेल्या माणसाला पर्याय म्हणून सुचली ती शाळाच, फक्त भिंती नसलेली, झाडांखालची.

दुसरे उदाहरण गांधीजींचे. १८९७ मध्ये ते दोन मुलांना आणि भाच्याला घेऊन दक्षिण आफ्रिकेत आले, तेव्हा मुलांना कुठे शिकवायचे हा प्रश्न पडला. मेहेरबानी म्हणून त्यांच्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश मिळाला असता. पण जिथे इतर हिंदी मुलांना मज्जाव आहे तिथे आपली मुले पाठवायची नाहीत, असे त्यांनी ठरवले आणि त्यांना घरी शिकवले. त्यांना हवा तेवढा वेळ देता आला नाही आणि मुलांच्या मनात याची खंत राहिली, हे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. थोरले हरिलाल यांचे शिक्षणाच्या प्रश्नावरून वडिलांशी मतभेद झाले आणि १९११ मध्ये ते दक्षिण आफ्रिका सोडून भारतात आले. घरी शिकवायला निघालेल्या प्रत्येक आईवडिलांनी हा भाग जरूर वाचावा. घरच्या शाळेला लागणारे भांडवल म्हणजे आईवडिलांचा वेळ. गांधीजींसारख्या माणसालाही तो पुरला नाही.

पण आपल्या शाळेच्या दृष्टीने त्याच आत्मकथेतला पुढचा एक प्रसंग जास्त महत्त्वाचा आहे. १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ टॉल्स्टॉय फार्म सुरू झाला. हर्मन कॅलनबाख यांनी त्यासाठी आपली अकराशे एकर जमीन दिली होती. तिथे हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती अशी सर्व प्रकारची मुले एकत्र शिकत. त्यातली काही उनाड आणि आळशी होती. कॅलनबाखना काळजी वाटली. गांधीजींनी आपली मुले असल्या पोरांत ठेवावीत हे त्यांना पसंत नव्हते, आणि त्यांनी ते स्पष्ट बोलून दाखवले. आपल्याकडे आलेला दुसरा अर्ज नेमका हाच आहे. अर्जदाराला कॅलनबाखसारखा भला माणूस सोबतीला आहे, यात त्याचा अपमान नाही.

गांधीजींनी जे उत्तर दिले त्याचा आशय असा. त्या मुलांना आपण घालवून देऊ शकत नाही. शिवाय आपली मुले इतरांपेक्षा वरची आहेत, हा समज त्यांच्या डोक्यात भरवणे हेच मोठे नुकसान आहे. चारचौघांत राहिली तर त्यांना बऱ्यावाईटाची पारख येईल. कापसात गुंडाळून ठेवलेली मुले मोहापासून वाचतातच असे नाही. मात्र याला त्यांनी एक अट घातली. आईवडिलांचे आणि शिक्षकांचे लक्ष सतत हवे.

ही अट विसरली तर सारेच फसते. मुलाला वाऱ्यावर सोडणे आणि मुलाला जगात पाठवणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आमचे मत एका वाक्यात सांगायचे तर असे. मुलाला जपायचे असेल तर त्याच्याभोवतीची माणसे कमी करू नका, त्याच्या पाठीशी एक मोठे माणूस उभे करा. वाईट शब्द कानावर पडणारच. तो घरी येऊन विनासंकोच सांगता येईल अशी आई हवी. वर्गात कोणी त्रास देणारच. त्याच दिवशी ज्यांच्याजवळ जाता येईल असे सर किंवा मॅडम हव्यात. हे असेल तर उनाड मुलांच्या शेजारी बसूनही मूल बिघडत नाही. हे नसेल तर बंद खोलीत, हातातल्या मोबाइलवरही बिघडते, आणि घरात कोणाला पत्ता लागत नाही.

घरात राहून मुले काय शिकतात आणि काय विसरतात, हे आपण सर्वांनी नुकतेच पाहिले आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. आपल्याकडे प्राथमिकचे वर्ग जवळजवळ दीड वर्ष भरले नाहीत. त्या काळात अनेक आईवडिलांनी मुलांना कष्टाने शिकवले, काहींनी तर शाळेपेक्षा चांगले शिकवले. वर्ग पुन्हा भरले तेव्हा पाढे म्हणणारी, भराभर वाचणारी मुले आमच्यासमोर होती. पण दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत थांबणे, पाण्याच्या नळावर रांगेत उभे राहणे, खेळात हरल्यावर बॅट फेकून न देणे, न आवडणाऱ्या मुलाबरोबर एका बाकावर बसणे, हे त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागले. गणित घरी राहूनही आले होते. हे मात्र कोणत्याही पुस्तकात नव्हते आणि एकट्याने शिकता येण्यासारखेही नव्हते. भांडायला आणि भांडण मिटवायला दुसरे मूल लागतेच.

आता थोडे आपल्या समाजाविषयी. खरे पाहता आपली मराठी शाळा हाही एक आडोसाच आहे. मल्हारराव होळकरांबरोबर आणि त्यांच्या मागून आपले पूर्वज माळव्यात आले. राज्य गेले, संस्थान गेले, १ नोव्हेंबर १९५६ ला नव्या रचनेचे मध्य प्रदेश झाले आणि कचेरीची, बाजाराची, पुढच्या शिक्षणाची भाषा हिंदी झाली. त्या प्रवाहात मुलांची मराठी वाहून जाऊ नये म्हणून इंदूर, ग्वाल्हेर, देवास, उज्जैन अशा गावांतल्या वडीलधाऱ्यांनी मराठीसाठी धडपड केली. शाळा, वाचनालये, गणेशोत्सव, नाट्यमंडळे, हे सारे आडोसेच होते. तेव्हा मुलाला आडोसा हवा असे म्हणणाऱ्या पालकाला हसायचा अधिकार या शाळेच्या प्राचार्याला तर मुळीच नाही.

परंतु हा आडोसा कसा होता ते नीट पाहिले पाहिजे. निमाडात मिरचीची रोपे आधी वाफ्यात, सावलीत वाढवतात. लावणीचे दिवस जवळ आले की शेतकरी सावली दूर करतो, पाणी कमी करतो, रोपाला उन्हाची सवय लावतो. मग ते शेतात जाते. वाफ्यातच ठेवलेल्या रोपाला मिरची धरत नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनी घरात मराठी ठेवली आणि दार उघडे ठेवले. मुले ओट्यावर मराठीत भांडली आणि गल्लीत हिंदीत खेळली.

आम्ही स्वतः त्याच वाफ्यातले. घरी मराठी, मोहल्ल्यात हिंदी आणि माळवी, पदवी पूर्णपणे हिंदी माध्यमाची. पुण्याचे पाहुणे आले की आमच्या बोलण्यातला हिंदी सूर ऐकून गालांत हसतात. हसोत बापडे. हिंदीतून शिकल्यामुळे आमची मराठी गेली नाही. उलट, दुसरी भाषा जवळून पाहिल्यावर आपलीही काय चीज आहे ते समजले. मुक्तिबोधांच्या घरचे उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. श्योपूरला १९१७ मध्ये जन्मलेले, इंदूरच्या होळकर कॉलेजातून पदवीधर झालेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे थोर कवी झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे नामवंत कवी आणि समीक्षक झाले. एकाच मराठी घराने दोन भाषांना दोन कवी दिले. दार बंद असते तर हिंदीने एक कवी गमावला असता आणि मराठीला त्यातून जास्त काही मिळाले नसते.

म्हणून वेगळ्या सेक्शनच्या सूचनेबाबत आमचे मत स्पष्ट आहे. आज आपल्या शाळेत कितीतरी मुले हिंदी, माळवी आणि निमाडी बोलणाऱ्या घरांतून येतात. कोणाचे वडील मंडईत हमाली करतात, कोणाची आई चार घरी स्वयंपाक करते. ती मुले आपल्याकडे मराठी विषय शिकतात, गणेशोत्सवात आरत्या म्हणतात, आणि त्यातल्या काहींचे मराठी शुद्धलेखन आपल्या मुलांपेक्षा चांगले आहे. त्यांना एका बाजूला आणि आपल्या मुलांना दुसऱ्या बाजूला केले, तर आपली मुले मराठी जास्त शिकतील असे आम्हांस वाटत नाही. आपण कोणी तरी वरचे आहोत, एवढेच ती शिकतील. आणि पलीकडच्या खोलीतली मुले जे शिकतील ते सांगायलाच नको. ज्या भाषेने आपल्याला बाजूला बसवले ती भाषा प्रेमाने कोण बोलेल? मराठीला इथे आणखी शंभर वर्षे राहायचे असेल तर ती बोलणारी माणसे वाढली पाहिजेत, आणि ती आपल्याच नात्यागोत्यातून वाढतील हा भ्रम आहे. ही सूचना मंडळाने स्वीकारू नये, अशी आमची नम्र पण ठाम विनंती आहे.

आता शिबिर महेश्वरला आहे म्हणून अहिल्यादेवींची आठवण करून देणे अप्रस्तुत होणार नाही. २०२५ मध्ये आपण त्यांच्या जन्माची त्रिशताब्दी साजरी केली. मिरवणुका निघाल्या, भाषणे झाली. त्या भाषणांत एक गोष्ट मात्र कमी ऐकू आली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, तेव्हा अहिल्याबाई तिशीच्याही नव्हत्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांना घराच्या एका कोपऱ्यात सुरक्षित ठेवणे सासऱ्यांना सहज शक्य होते आणि कोणी नावही ठेवले नसते. मल्हाररावांनी त्यांना कामाला लावले. त्यांनी सुनेला लिहिलेली पत्रे आहेत. त्यात तोफखान्याच्या, दारूगोळ्याच्या, मुक्कामाच्या सूचना आहेत. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेला, आणि राज्याचा भार अंगावर आला. त्या वेळी त्या तयार होत्या, कारण मायेच्या माणसाने त्यांना वेळीच उन्हात उभे केले होते. सासरा जवळ होता, सल्ला देत होता, पण काम सुनेचे होते. मुलींच्या बाबतीत 'जपणे' हा शब्द आपण फार लवकर उच्चारतो. ज्या घाटावर अहिल्यादेवींची मूर्ती पाहायला मुलींना न्यायचे, तिथे एक रात्र राहायला त्यांना मनाई करायची, यात काही विसंगती आहे की नाही याचा विचार व्हावा.

अर्थात त्या आईची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. वर्तमानपत्र उघडले की छातीत धस्स होते. मुलींवर, आणि मुलांवरही, होणाऱ्या अत्याचारांसाठी २०१२ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, तो काही उगाच नाही. पालकांनी दार उघडे ठेवावे असे शाळेला वाटत असेल तर दाराबाहेर शाळेने उभे राहिले पाहिजे. मारणे आणि मानसिक छळ यांना शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याच्या सतराव्या कलमाने बंदी आहे, ही बंदी शिक्षकांच्या खोलीत मोठ्या अक्षरांत लागली पाहिजे. मुलाने तक्रार केली तर ती त्याच दिवशी ऐकली गेली पाहिजे. शिबिरात मुलींबरोबर किती शिक्षिका आहेत, रात्री कोण जागे आहे, पालकांनी कुठे फोन करायचा, हे कागदावर लिहून आधी दिले पाहिजे. एवढे केल्याशिवाय 'विश्वास ठेवा' म्हणायचा शाळेला हक्क नाही.

आणखी एक गोष्ट. या सर्व अर्जांत एका माणसाचे मत कुठेच नव्हते, ते म्हणजे मुलाचे. अमेरिकेत आमिश नावाचा एक पंथ आहे. आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि १९७२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. त्या वेळी न्यायमूर्ती डग्लस यांनी वेगळे मत नोंदवले. आईवडिलांची इच्छा समजली, पण आयुष्य ज्याचे आहे त्या मुलाला कोणी विचारले का, असा त्यांचा सवाल होता. चौथीतल्या मुलाने सर्व ठरवावे असे आम्ही म्हणणार नाही. पण निदान विचारावे. पुष्कळदा आईवडिलांना ज्याची भीती असते ते मुलाला ठाऊकही नसते, आणि मुलाला ज्याची भीती असते ते आईवडिलांना माहीत नसते.

तेव्हा आलेल्या तिन्ही अर्जांचे आम्ही काय करणार, तेही सांगतो. ज्यांना मुलाला घरी शिकवायचे आहे त्यांना टीसी मिळेल, अडवणूक होणार नाही. पण त्याआधी मुलाला घेऊन त्यांनी एकदा आमच्याशी बोलावे. मुलाला शाळेत काही त्रास असेल तर तो दूर करण्याची संधी आम्हांला द्यावी. तरीही निर्णय कायम राहिला, तर त्या मुलासाठी शाळेचे वाचनालय, मैदान आणि स्नेहसंमेलन खुले राहावे, असा प्रस्ताव आम्ही मंडळापुढे ठेवत आहोत. घरी शिकणाऱ्या मुलालाही सवंगडी लागतातच. सेक्शन बदलण्याचा अर्ज, कोणी त्या मुलाला त्रास देत असल्याचे दिसले नाही, तर नामंजूर होईल. दर महिन्याला सर्व बाकांची अदलाबदल मात्र होईल, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचा शेजार मिळेल. शिबिराची सक्ती नाही. पण त्या मुलीच्या आईने स्वतः सोबत म्हणून यावे, असे निमंत्रण आम्ही दिले आहे. आई आली तर पुढच्या वर्षी ती मुलगी एकटी येईल, याची आम्हांला खात्री वाटते.

पालकांना आमचे सांगणे थोडकेच आहे. रोज रात्री मुलाला 'किती मार्क पडले' याआधी 'आज कोणाशी बोललास' हे विचारा. वर्षातून एकदा तरी तुम्ही न निवडलेल्या घरातल्या मित्राला जेवायला बोलवा. जवळच्या दुकानातून सामान आणायला पाठवा, हिशोब करू द्या, चूक झाली तर दोन रुपये जाऊ द्या. आठवीच्या पुढच्या मुलांना सिटी बसने जायला शिकवा. पहिल्या दिवशी बरोबर जा, दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर बसा, तिसऱ्या दिवशी स्टॉपवर वाट पाहा.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठीही दोन शब्द. तुमच्या वर्गातल्या एखाद्याला त्याचे आईवडील शाळेतून काढून घेऊ पाहतात, त्याचे कारण कित्येकदा तुम्हीच असता. त्याच्या बोलण्यावरून, डब्यावरून, चपलेवरून हसणारे तुम्ही. हसण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवा की त्याची खुर्ची रिकामी झाली तर तुमचा एक मित्र कमी होईल, जो कदाचित पुढे फार उपयोगी पडला असता. आणि कोणी तुम्हांला त्रास दिला, अंगाला हात लावला, धमकावले, तर गप्प बसू नका. घरी सांगा, शाळेत सांगा. दोन्हीकडे कोणी ऐकत नसेल तर १०९८ या क्रमांकावर फोन करा. सांगणे म्हणजे चुगली नव्हे.

या विषयावर मतभेद असणारच, आणि असावेत. ज्या पालकांना आमचे म्हणणे पटले नाही त्यांनी पत्र लिहावे. पुढच्या अंकात आम्ही ते जसेच्या तसे छापू. विश्वस्त मंडळाच्या बैठकीपूर्वी ज्यांना वेगळ्या सेक्शनविषयी प्रत्यक्ष बोलायचे आहे, त्यांनी शाळा सुटल्यावर कोणत्याही दिवशी यावे. चहा आमच्याकडे. येताना मुलालाही आणावे, त्याचेही ऐकू.